पंप नंतर, आधी हात: अंगावर पाजण्याची तयारी

दुपटी, झबली, लंगोट, कानटोपी यांच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्या सोडून देते. पाजण्यासाठी म्हणून वेगळं घ्यायचं ते एवढंच: पुढून उघडणारे तीन-चार गाऊन, दूध झिरपतं म्हणून आत ठेवायला मऊ सुती कापडाच्या घड्या आणि बाळंतिणीच्या हाताला येईल अशी पाण्याची बाटली. पाजायची खास उशी नसली तरी चालतं, घरातल्या दोन उशा आणि एक लोड पुरतो. काही राहिलंच तर नवरा जाऊन आणेल.

नवरा जाऊन आणू शकत नाही अशी एकच गोष्ट आहे आणि माझ्या पहिल्या बाळंतपणात नेमकी तीच राहिली होती: हातानं दूध काढता येणं. महागातला पंप कपाटात तयार होता. सिझर झालं, बाळ झोपाळू, तोंडच उघडेना आणि ‘उपाशी राहील गं’ म्हणत संध्याकाळपर्यंत डब्याची पावडर आली. अंगात चीक होता. तो काढायचा कसा, हे खोलीतल्या एकालाही माहीत नव्हतं. पंपाचा तिथे फारसा उपयोग होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतला चीक इतका घट्ट आणि इतका थोडा असतो की आला तरी पंपाच्या भांड्याला चिकटूनच संपतो. हातानं काढला तर थेट चमच्यात पडतो. तेव्हा नववा लागायच्या आत हे समजून घ्या. बाकीचं अर्धं विसरलात तरी निभावून जाईल.

पद्धत अशी. हात साबणानं धुवायचे. अंगठा वर आणि पहिली दोन बोटं खाली ठेवून स्तन धरायचा, बोंडापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे. बहुतेकींना काळ्या भागाची कड तिथेच येते. आधी हात सरळ मागे, बरगड्यांकडे दाबायचा. मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची. मग सोडायचं. दाब, आवळ, सोड. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत आणि बोंड अजिबात पिळायचं नाही, दूध तिथे नसतं, मागे असतं. सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं काहीच येत नाही आणि तिथेच बायका ‘मला नाहीच येत दूध’ म्हणून सोडून देतात. सोडू नका. थेंब थांबले की बोटं थोडी फिरवून दुसऱ्या जागेवरून काढा, मग दुसऱ्या बाजूला या. दुखत असेल तर जोर जास्त लागतोय किंवा जागा चुकलीय.

शिकायचं म्हणजे आतापासून रोज काढत बसायचं असं नाही. बोंडं चोळली की कळा येऊ शकतात. व्हिडिओ बघा, दवाखान्यात सिस्टरना मॉडेलवर दाखवायला सांगा. स्वतःवर करून बघायचं तर 36-37 आठवडे झाल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच. आधीचं बाळ दिवस भरायच्या आत झालं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा वार खाली असेल, तर प्रसूतीआधी हात लावायचाच नाही. आणि नवऱ्यालाही हे बघायला बसवा. हो, नवऱ्यालाच. सिझरनंतर तुमच्या एका हाताला सलाईन असतं, खाली चमचा धरायला कुणीतरी लागतंच, आणि त्या वेळी सासूबाईंना समजावत बसायची ताकद तुमच्यात नसते.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांकडून बोंडंही बघून घ्या. सपाट किंवा आत ओढलेली असली तरी पाजता येतं, फक्त पहिल्या दिवसांत मदत जास्त लागते. थायरॉइड, मधुमेह, स्तनाची जुनी शस्त्रक्रिया, रोजची औषधं, सगळं सांगून ठेवा.

आता दवाखाना. खोली एसी आहे का हे सगळे विचारतात. तुम्ही हे विचारा: जन्मल्यावर पहिल्या तासात बाळ आईच्या छातीवर उघडंच ठेवता का, सिझर असलं तरी? बाळ आईजवळ राहतं की वेगळ्या खोलीत? रात्रपाळीला पकड, म्हणजे बाळानं स्तन तोंडात नीट धरलाय का, ते बघून देणारं कुणी असतं का? वरचं दूध देण्याआधी आईला विचारता का? उत्तरं गुळमुळीत आली तर आपलं माणूस आपणच शोधून ठेवायचं. शहरात स्तनपान सल्लागार मिळतात, गावात अनुभवी नर्स किंवा आशाताई. नंबर आत्ताच फोनमध्ये घाला. पहाटे तीनला शोधायला बसाल तर सापडायचा नाही. डब्याचं दूध आणि बाटल्या यांची जाहिरात करायला, आईला फुकट नमुने द्यायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. तरीही कुणी ‘असू द्या हो’ म्हणत डबा हातात ठेवला तर तो परत करायला लाजू नका.

वरचं दूध म्हणजे विष असं मात्र मी म्हणत नाहीये. बाळाची साखर उतरली, वजन फार घटलं, तर डॉक्टर सांगतील ते द्यायचं, हट्ट करायचा नाही. फक्त त्याआधी एक वाक्य म्हणायचं: ‘आधी माझं हातानं काढून बघू का?’ हे वाक्य पाठ करा. नवऱ्यालाही पाठ करायला लावा. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं ते जेमतेम चमचाभर, आणि तेवढं हातानं निघतं. वाटी-चमच्यानं पाजायचं, बाळाला थोडं उभट धरून, चमचा खालच्या ओठाला टेकवून. ते जिभेनं स्वतः घेतं, घशात ओतायचं नाही. आजीनं जपून ठेवलेलं चांदीचं बोंडलं आणलं तर त्याची चोच आतून नीट घासता येते का ते बघा, नाहीतर ते बारशाच्या फोटोपुरतं ठेवा.

बाळ पेटीत ठेवावं लागलं तर हातानं काढणं शंभर पटीनं महत्त्वाचं. बाळ जवळ नाही म्हणून थांबू नका, पहिल्या काही तासांतच काढायला सुरुवात करा, मग दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आणि निघेल तो थेंब आत पोचवा. एवढं करूनही कमी पडलं तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, त्यानंतर इतर शहरांतही निघाल्या. दात्या आयांचं दूध तिथे तपासून, पाश्चराइज करून देतात. ओळखीतल्या बाळंतिणीकडून परस्पर आणू नका.

घरच्यांशी बोलणं. हे डोहाळजेवणाच्या गडबडीत करू नका, एखाद्या निवांत दुपारी करा, आणि सासरी-माहेरी दोन्हीकडे करा. मध चाटवायचा नाही, एक वर्षापर्यंत नाहीच. त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारा गंभीर आजार, होऊ शकतो. गूळपाणी नाही, गुटी नाही, ग्राइप वॉटर नाही. सहा महिने साधं पाणीसुद्धा नाही, चंद्रपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं, बाळाला तहान लागली तर ते जास्त वेळा पितं. आणि ‘दूध पुरत नाही वाटतं’ हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत कुणी उच्चारायचं नाही. बाळ रडतं म्हणजे दूध कमी, हे गणित चुकीचं आहे. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पिणं नेहमीचंच, संध्याकाळी तर काही बाळं तासन्‌तास सोडतच नाहीत. पुरतंय का हे लंगोटावरून कळतं: पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा किंवा जास्त वेळा सू आणि तोवर काळी शी जाऊन पिवळी झालेली. पहिल्या दिवसांत वजन सात टक्क्यांपर्यंत उतरतं, कधी दहाच्या जवळ जातं, आणि दोन आठवड्यांत भरून येतं. दहाच्या वर गेलं किंवा उतरतच राहिलं तर डॉक्टर.

पकड. बाळाचं पोट आईच्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडासमोर. मोठा आ करेपर्यंत थांबायचं आणि मग बाळाला स्तनाकडे आणायचं, आपण वाकून बाळाकडे जायचं नाही, पाठ जाते. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वर जास्त दिसतोय आणि खाली कमी, तर बरोबर. सोडल्यावर बोंड चपटं, तिरकं दिसलं किंवा संपूर्ण पाजणंभर दुखत राहिलं, तर चूक. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा. ‘सुरुवातीला भेगा पडायच्याच’ हे खरं नाही. सिझरचे टाके असतील तर बाळ काखेतून धरा किंवा कुशीवर झोपून पाजा. बाळ लावून घेत नसेल तर हातानं चार थेंब काढून त्याच्या ओठाला लावा. वास आला की तोंड उघडतं. बघा, परत तेच आलं.

आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर येणारच. तेव्हा दूध उतरतं, सिझरनंतर कधी आणखी एक-दोन दिवस उशिरा, आणि छाती दगडासारखी दाटते. काळा भाग इतका ताणतो की बाळाला धरताच येत नाही, ते घसरतं, चिडतं, आणि घरात परत डब्याचा विषय निघतो. अशा वेळी पाजण्याआधी हातानं थोडंसं काढायचं, तो भाग मऊ झाला की लगेच बाळ लावायचं. थोडंसंच, पूर्ण रिकामं करत बसलात तर आणखी दाटेल. पाजून झाल्यावर गार कापड ठेवा. पंप या वेळी लावाल तर काळा भाग आणखी सुजू शकतो. कळलं ना मी का ओरडतेय?

मालिशवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: बाळंतिणीची छाती रगडायची नाही. बाळाच्या छातीत गाठी येतात, कधी थेंबभर दूधही दिसतं, मुलगा असो की मुलगी. आईच्या संप्रेरकांमुळे होतं ते, आपोआप जातं. त्या गाठी पिळायच्या नाहीत, पिकतात.

खाणं: डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, मेथी, बाळंतशोपा, आवडीनं खा, भूक असतेच. पण दूध वाढतं ते छाती वारंवार रिकामी झाल्यानं, लाडवानं नाही. रात्रीचं पाजणं गाळू नका, दूध तयार करणारं संप्रेरक रात्रीच जास्त असतं. बाळ एका बाजूवरच झोपून गेलं आणि दुसरी बाजू ठणकतेय? हातानं.

धोक्याच्या खुणा पटकन सांगते. बाळ पिण्यासाठी उठतच नाही, सू कमी, कावीळ पायांपर्यंत, ताप किंवा अंग गार: त्याच दिवशी डॉक्टर. आईला थंडी-ताप आणि स्तनाचा एखादा भाग लाल, गरम: त्याच दिवशी डॉक्टर, पाजणं चालू ठेवून. सारखं रडू येणं, झोप उडणं दोन आठवड्यांपुढे चाललं तर तेही डॉक्टरांनाच सांगायचं, ‘बाळंतवात’ म्हणून बसायचं नाही. डी जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टर लिहून देतील, ते द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी यायचं असतं. आल्या की समोर बसून पाजा, म्हणजे पकड बघतील.

नोकरी असेल तर 26 आठवड्यांची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी, आणि 50 किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर, हे लेखी विचारून ठेवा. पंप घ्यायचा तो या वेळी. काढलेलं दूध स्टीलच्या झाकणाच्या वाटीत, वर तारीख-वेळ. खोलीत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी, फ्रिजमध्ये आत मागच्या बाजूला चार दिवस, दारात नाही. गॅसवर उकळायचं नाही, कोमट पाण्यात वाटी ठेवायची. लाइट गेली किंवा पंप घरी राहिला तर काय करायचं ते आता सांगत नाही.

सहा महिने भरले की वरण-भात, नाचणीचं सत्त्व, आणि अंगावरचं दोन वर्षं किंवा पुढेही चालू. त्याची यादी वेगळी, ती आज माझ्याच्यानं होणार नाही.