एजंटसाठी टूलचं वर्णन कसं लिहावं

एजंट म्हणजे भाषा मॉडेलवर चालणारा, दिलेली टूल्स (कोडमधली फंक्शन्स) स्वतः निवडून काम करणारा प्रोग्राम. त्याने भलतंच टूल उचललं की बहुतेक जण आधी प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) दुरुस्त करायला बसतात. त्याआधी टूलचं वर्णन उघडून वाचा. टूलचा कोड मॉडेलसमोर नसतो. त्याच्यासमोर असतं टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा). तिथे जे लिहिलेलं नाही ते मॉडेल अंदाजाने भरतं, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

समजा, ऑर्डर शोधणारं एक टूल आहे आणि वर्णन एवढंच आहे: 'ऑर्डरची माहिती देतं.' कोणती माहिती, कशावरून शोधायची, काहीच कळत नाही. तेच असं लिहून पाहा:

'ऑर्डर क्रमांकावरून एका ऑर्डरची सद्यस्थिती, त्यातल्या वस्तू आणि पोहोचण्याची अपेक्षित तारीख देतं. क्रमांक माहीत असेल तेव्हाच वापरा. फक्त ईमेल माहीत असेल, तर आधी ग्राहक_ऑर्डर_यादी वापरून क्रमांक मिळवा. गेल्या 24 महिन्यांतल्याच ऑर्डर मिळतात. त्याआधीच्या ऑर्डरसाठी रिकामं उत्तर येतं. परताव्याची माहिती यात नसते.'

(कोडमध्ये नावं रोमन लिपीतच ठेवा. बऱ्याच ठिकाणी अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन यांपलीकडे काही चालत नाही.)

यातलं रिकाम्या उत्तराचं वाक्य किरकोळ वाटेल. ते नसेल तर तीन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरबद्दल एजंट 'अशी ऑर्डरच नाही' असं ठोकून देतो. शेजारच्या टूलचं नाव घेऊन हद्द आखणंही तितकंच गरजेचं आहे, आणि ती दोन्ही टूल्सच्या वर्णनांत आखा. दोन वर्णनं शेजारी ठेवून माणसालाही फरक सांगता येत नसेल, तर शब्दांशी झगडू नका. दोन्ही टूल्स एकत्र करा.

बऱ्याच चुका पॅरामीटरमध्ये, म्हणजे टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांमध्ये होतात. नुसतं 'दिनांक' लिहिलं तर 03/04/2025 येऊ शकतं, आणि ते 3 एप्रिल की 4 मार्च हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून स्वरूप आणि नमुना दोन्ही द्या: वर्ष-महिना-दिवस, उदाहरणार्थ 2025-04-03. वेळ असेल तर टाइमझोनही. एकक नावातच घाला. 'टाइमआउट'मध्ये (किती वेळ वाट पाहायची) सेकंद धरून 30 येईल की मिलिसेकंद धरून 30000, याचा भरवसा नाही. 'टाइमआउट_सेकंद' म्हटलं की प्रश्न मिटतो. 'यूजर' असं मोघम नाव असेल तर कधी नाव येतं, कधी ईमेल, म्हणून 'यूजर_आयडी' ठेवा. ठरावीक मूल्यंच चालत असतील तर ती वर्णनात न सांगता स्कीमात एनम (चालणाऱ्या मूल्यांची बंद यादी) म्हणून बांधून टाका.

अनिवार्य पॅरामीटरमध्ये एक मेख आहे. ती माहिती संभाषणात नसेल तर मॉडेल कधीकधी खरा वाटेल असा क्रमांक स्वतःच तयार करतं. त्या पॅरामीटरच्या वर्णनात स्पष्ट लिहा: 'माहीत नसल्यास वापरकर्त्याला विचारा.' ऐच्छिक पॅरामीटर रिकामा ठेवला तर काय धरलं जातं, तेही लिहा.

ऑर्डर रद्द करणाऱ्या टूलमध्ये 'हे पूर्ववत करता येत नाही' हे वाक्य हवंच, पण वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. वापरकर्त्याची संमती आणि परवानगी कोडमध्येच तपासा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एजंटला टूल्स जोडण्याच्या खुल्या मानकात) टूल फक्त वाचतं की काही नष्ट करू शकतं अशी खूण लावता येते. तीही नुसता इशाराच. दुसऱ्याने लिहिलेलं टूल जोडताना त्याचं वर्णन स्वतः वाचा, कारण तो मजकूर थेट मॉडेलपुढे जातो आणि त्यात छुप्या आज्ञाही असू शकतात.

'नेहमी वापरा', 'अत्यंत महत्त्वाचं' असली भाषा टाळा. मग नको तिथेही तेच टूल चालवलं जातं. डेटाबेसचं नाव, तिकीट क्रमांक, कोड कोणी लिहिला, हेही काढा. एजंट बांधायची अनेक फ्रेमवर्क फंक्शनची डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली माहिती) जशीच्या तशी वर्णन म्हणून उचलतात, त्यामुळे सहकाऱ्यासाठी लिहिलेली टीप मॉडेलपर्यंत जाते आणि दर विनंतीत टोकन (मॉडेल ज्यांत मजकूर मोजतं ते तुकडे) खाते.

एररचा मजकूरही मॉडेलच वाचतं. 'अवैध विनंती' वाचून ते तोच कॉल पुन्हा करत बसतं. 'ऑर्डर क्रमांक 8 अंकी हवा, 6 अंक मिळाले' हे वाचून दुरुस्ती करता येते.

तपासायला 20-25 खरेखुरे प्रश्न जमवा. त्यात एकाही टूलची गरज नसलेले आणि दोन टूल्सच्या सीमेवरचे प्रश्न हवेत. कोणतं टूल चाललं आणि कोणते पॅरामीटर गेले, याची नोंद ठेवा. एका वेळी एकच वाक्य बदला, आणि प्रत्येक प्रश्न तीन-चारदा चालवा, कारण त्याच प्रश्नाला मॉडेल दर वेळी तेच टूल निवडेल असं नाही. मॉडेलची आवृत्ती बदलली की हाच संच पुन्हा चालवा.