जुन्या पिकअपची टायमिंग चेन कशी बदलावी

पहाटे थंड गाडीला सेल मारल्यावर इंजिनाच्या पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद साखळी आपटल्यासारखी खडखड ऐकू येते आणि ऑइलचा दाब आला की थांबते, हे टायमिंग चेन सैल झाल्याचे सर्वांत ओळखीचे लक्षण होय. तासगावची द्राक्षे वाशीला पोचवून परत येणाऱ्या आणि दोन-अडीच लाख किलोमीटर पार केलेल्या डिझेल पिकअपमध्ये हा आवाज ऐकू आला, तर हंगाम संपेपर्यंत थांबू नये. पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, आणि हा मेळ दोघांच्या दातेरी चाकांवरून फिरणारी टायमिंग चेन राखते. बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व यांच्यात जागा इतकी थोडी असते की चेन तुटली किंवा बरेच दाते घसरली, तर व्हॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्याची वेळ येते.

चेन ‘ताणली’ असे आपण म्हणतो, पण तिचे लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश किंचित झिजतात आणि शेकडो ठिकाणची ती झीज मिळून चेन लांब होते. ऑइल बदलण्यास केलेला उशीर हे त्याचे मोठे कारण आहे, कारण डिझेलची काजळी मिसळलेले जुने ऑइल या पिना घासत राहते.

काम हाती घेण्यापूर्वी आपल्या इंजिनात चेन आहे, बेल्ट आहे की केवळ गियर आहेत, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे. नुसती चेन आणून पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली की तीही लवकर झिजते, म्हणून चेन, दोन्ही स्प्रॉकेट (दातेरी चाके), चेन ताणून धरणारा टेन्शनर, तिला आधार देणाऱ्या पट्ट्या म्हणजे गाईड, क्रँकचे पुढचे ऑइल सील आणि कव्हरचे पॅकिंग असा पूर्ण संच घ्यावा. ठरलेल्या जोराने बोल्ट आवळण्याचा टॉर्क पाना आणि त्या इंजिनाचे शाफ्ट जागेवर अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना स्वतःजवळ नसतील, तर सांगली-मिरजेतील ओळखीच्या मेस्त्रींकडून मागून आणाव्यात, मात्र अंदाजाने बोल्ट आवळू नयेत.

गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कूलंट व ऑइल उतरवावे. पंखा, त्याचे आवरण, फॅन बेल्ट आणि गरज असल्यास रेडिएटर बाजूला केल्यावर क्रँकची पुली समोर येते. ती काढण्याआधीच इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी वरच्या टोकाला आणावा. त्या वेळी त्या सिलिंडरचे सर्व व्हॉल्व बंद असतात. मग लॉकिंग पिना बसवाव्यात, परंतु पुलीचा बोल्ट सोडवताना त्या पिनांवर जोर येऊ देऊ नये. पुली धरण्यासाठी वेगळे साधन वापरावे.

पुढचे कव्हर निघाल्यावर लगेच खोलायला घेऊ नये. जुन्या खुणांचा मोबाईलवर फोटो काढावा, टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे ते पाहावे आणि गाईड तपासावेत. प्लॅस्टिकचा गाईड तुटलेला असेल, तर त्याचे तुकडे खाली ऑइल साठणाऱ्या चेंबरमध्ये गेलेले असतात आणि ते ऑइल खेचणाऱ्या जाळीत अडकले की नव्या चेनलाही ऑइल मिळत नाही. अशा वेळी चेंबर उतरवून जाळी धुणे हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही. जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगून पाहिल्यास झीज किती झाली ते डोळ्यांनाच दिसते.

नवी चेन बसवताना तिच्या रंगीत कड्या स्प्रॉकेटवरील खुणांशी जुळवाव्यात, गाईडच्या बाजूचा भाग ताठ ठेवावा, आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला येऊ द्यावा. टेन्शनर बसवून झाल्यावरच त्याचा दांडा दाबून धरणारी अडकण काढावी. मॅन्युअलने एकदाच वापरायचे म्हटलेले बोल्ट नवेच घालावेत.

यानंतर लॉकिंग पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावा. स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र पुढे सरकलेल्या दिसतील, त्यात चूक नाही. मध्येच कठीण अडथळा लागला, तर पान्याला नळी लावून जोर करू नये, कारण तो अडथळा म्हणजे व्हॉल्ववर टेकलेला पिस्टन असू शकतो. मागे येऊन टायमिंग नव्याने लावावे.

कव्हरचे सिलिकॉन सांगितलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यावे. योग्य ग्रेडचे ऑइल, नवा फिल्टर आणि कूलंट भरल्यावर इंधन बंद ठेवून थोडा थोडा सेल मारावा, म्हणजे टेन्शनरमध्ये ऑइल पोचते. मग गाडी सुरू करावी. पहिले काही सेकंद आवाज आला तर चालते. तो तसाच राहिला, किंवा ऑइलचा दिवा विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

बेल्टच्या इंजिनात काम बरेचसे असेच असते. मात्र बेल्ट आवाज न करता तुटू शकतो, म्हणून मॅन्युअलमधील किलोमीटर किंवा वर्षे यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदलावा आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालत असल्यास तोही सोबतच बदलून घ्यावा.