ढगाचा रंग नखावर आणताना

मला हवा होता तो रंग नेलपॉलिशच्या कुठल्याच बाटलीत मिळत नव्हता. पाऊस पडायच्या आधी आभाळ भरून येतं, तेव्हा ढगाच्या पोटाला असतो तसा करडा, आतून जांभळ्याची झाक मारणारा. तयार पॉलिशमध्ये एक तर निळसर करडा सापडायचा, नाहीतर सरळ फिका जांभळा. शेवटी स्वतःच करायला घेतला आणि तो साधेपर्यंत एकवीस वेळा मिसळावा लागला. त्या एकवीस बाटल्यांनी जे शिकवलं ते नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

सुरुवात हाताशी असलेल्या पॉलिशपासूनच करा. तयार पॉलिश एकमेकांत मिसळून नवा रंग करण्याला या छंदातले लोक ‘फ्रँकन’ म्हणतात. एक स्वच्छ रिकामी बाटली, दोन-तीन रंग, थोडं पारदर्शक पॉलिश आणि ढवळायला दोन पोलादी गोळ्या, एवढ्यावर भागतं. गोळ्या न गंजणाऱ्या स्टीलच्याच घ्या. माझ्या एका फिक्या रंगात हलक्या प्रतीच्या गोळ्यांनी महिनाभरात तांबूस डाग सोडले आणि अख्खी बाटली गेली. साधं पॉलिश साध्यातच मिसळायचं; जेल किंवा पाण्यावर आधारलेलं पॉलिश त्यात जुळत नाही. पहिले आठ-दहा रंग असेच करा. हात बसतो, आणि त्याहून मोलाचं म्हणजे डोळा बसतो.

डोळा बसणं म्हणजे काय, हे मला तिसऱ्या बाटलीने दाखवलं. बाटलीत तो करडा इतका सुंदर उतरला होता की मी लगेच दहाही नखांना लावला. नखावर मात्र तो मळकट गुलाबी दिसला. बाटलीत आपण रंगाचा सेंटीमीटरभर जाड थर बघत असतो. नखावर राहतो तो जेमतेम केसाच्या जाडीचा पापुद्रा, आणि त्याच्याखालून नखाचा स्वतःचा गुलाबी रंग वर येतो. शिवाय पॉलिशचा मोठा हिस्सा द्रावकाचा असतो. तो उडून गेला की थर आकसतो, रंगाचे कण जवळ येतात आणि ओला असतानाचा रंग बदलतो. त्यामुळे ओल्या रंगावर आता मी काहीच ठरवत नाही. पारदर्शक कृत्रिम नखावर दोन पातळ थर द्यायचे, पूर्ण सुकू द्यायचे, मग ते नख एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या कागदावर धरायचं. दोन्हीकडे रंग सारखा दिसला तर तो झाकणारा आहे. फरक दिसला तर खालचं नखही तुमच्या रंगात भाग घेणार, हे धरून चला.

झाकण्याची ताकद मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यातून येते. १९३२ साली रेव्हलॉन कंपनी उभी राहिली तीच मुळी पारदर्शक डायऐवजी अपारदर्शक रंगद्रव्य घातलेल्या नेल एनॅमलवर. डाय विरघळतो, रंगद्रव्य विरघळत नाही, कण म्हणून तरंगत राहतं. हा फरक नीट समजून घ्या, कारण विरघळणारा रंग नखातही उतरतो आणि पिवळे-लाल डाग मागे ठेवतो.

पुढची पायरी म्हणजे कोरा बेस, म्हणजे रंग न घातलेलं पॉलिश, आणून त्यात रंग घालणं. नेलपॉलिशचा कणा नायट्रोसेल्युलोजचा असतो. एके काळी मोटारींच्या लॅकरमध्येही तेच असायचं. ते इथाइल अ‍ॅसिटेट आणि ब्यूटाइल अ‍ॅसिटेटमध्ये विरघळवलेलं असतं, चकाकीसाठी राळ आणि लवचीकपणासाठी प्लॅस्टिसायझर असतो. बेस घेताना एकच प्रश्न विचारा: हा सस्पेन्शन बेस आहे का? त्यात खास प्रक्रिया केलेली माती असते. तिच्यामुळे बेस हलवला की पातळ होतो आणि ठेवला की पुन्हा घट्ट होऊन कणांना धरून ठेवतो. मी आधी साधा पारदर्शक बेस आणला होता. रात्री केलेलं शिमरचं पॉलिश सकाळी पाहिलं तर सगळी चमक तळाला बसलेली. कितीही हलवलं तरी अर्ध्या तासात पुन्हा तेच.

कोरडी पूड बेसमध्ये टाकून हलवली की रंग तयार, असं वाटतं. तसं होत नाही. रंगद्रव्याचे कण गुठळ्या धरून बसतात आणि नखावर वाळूसारखे टोचतात. कारखान्यात ते जड रोलरखाली नायट्रोसेल्युलोजमध्ये चिरडून एकजीव केले जातात. कोरडं नायट्रोसेल्युलोज भयंकर ज्वालाग्राही असल्यामुळे हे काम घरात करायचंच नाही. कॉस्मेटिक प्रतीचे, आधीच घोटलेले द्रव रंग मिळतात, ते घ्या. मोतिया चमकीच्या पुडीला मात्र घोटायची गरज नसते. उलट घोटलं तर अभ्रकाच्या चकत्या मोडतात आणि चमक जाते. खाण्याचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, तो इथे मिसळत नाही. हस्तकलेची चमकी द्रावकात रंग सोडते आणि आकसून वळते. डोळ्यांच्या शॅडोतल्या तेलाने माझं एक पॉलिश कधी नीट सुकलंच नाही.

आता रंग जुळवण्याबद्दल, कारण माझा बहुतेक वेळ इथेच गेला.

काळा रंग फार जोरकस असतो. त्याचा एक थेंब जास्त पडला की परत फिरता येत नाही, पांढरा ओतत बसलात तर रंग खडूसारखा फिकट आणि बाटली मात्र भरून वाहायला लागते. म्हणून एक भाग काळा आणि नऊ भाग बेस असं पातळ मिश्रण वेगळ्या बाटलीत करून ठेवा आणि नेहमी तेच वापरा. गडद रंग फिक्यात घालायचा, फिका गडदात कधीही नाही. एखादा रंग भडक वाटला तर लगेच काळ्याकडे जाऊ नका. त्याचा विरोधी रंग किंचित घाला. हिरव्याला लालाने, निळ्याला नारिंगीने उतरवलेला मळकटपणा जिवंत राहतो, काळ्याने उतरवलेला मरगळतो. प्रत्येक रंगद्रव्याची स्वतःची झाकही असते. निळ्याचंच बघा: आयर्न ब्लू हे निळं रंगद्रव्य पांढऱ्यात पातळ केलं की हिरवटाकडे झुकतं, अल्ट्रामरीन हे दुसरं निळं तांबूस जांभळ्याकडे. मी सुरुवातीला आयर्न ब्लूमध्ये लाल घालून जांभळा काढायला बघत होते. तो दर वेळी तपकिरीकडे घसरायचा आणि मला वाटायचं, माझं प्रमाणच चुकतंय.

अकराव्या बाटलीपासून निळा बदलला, तरी ढग आला नाही. जांभळा वाढवला की करडा संपायचा, करडा वाढवला की जांभळा. उत्तर मिळालं ते मोतिया पुडीत. या पुडीत अभ्रकाच्या चकतीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिपातळ लेप असतो आणि त्याच्या जाडीवर परावर्तित रंग ठरतो: सोनेरी, तांबडा, जांभळा, निळा, हिरवा. पांढऱ्यावर हा रंग जवळपास दिसतच नाही, गडदावर उठून येतो. मी करडा नुसता करडाच ठेवला, थोडा गडद, आणि जांभळी चमक पुडीवर सोपवली. सुकल्यावर नख तिरकं केलं आणि जांभळा दिसला, सरळ धरलं तर करडा. त्या क्षणी मी बराच वेळ हात खिडकीत धरून उभी होते.

खिडकी महत्त्वाची आहे. दोन रंग दिव्याखाली सारखे आणि उन्हात वेगळे दिसू शकतात, तेव्हा निर्णय दिवसाच्या उजेडातच घ्या. आणि हातावर बघा, कारण शेजारचा रंग बदलला की मधला रंगही बदललेला दिसतो. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने गोबेलँ विणकामशाळेतल्या काळ्या धाग्यांच्या तक्रारीतून हे शोधलं होतं. दोष रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांत होता. माझा करडा सावळ्या बोटांवर उबदार दिसतो, गोऱ्या बोटांवर थंड.

वही ठेवा आणि त्यात वजनं लिहा. थेंब मोजू नका. घट्ट रंगाचा थेंब मोठा पडतो, पातळाचा लहान. ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा ही या छंदातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. बाटली थोडी रिकामी ठेवा, नाहीतर गोळ्या फिरत नाहीत. घट्ट झालेल्या पॉलिशमध्ये अ‍ॅसिटोन ओतू नका, नेलपॉलिश थिनरचे दोन-तीन थेंब पुरतात.

इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ उणे ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली सरकत जाते. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही, पूड मोजताना मास्क. यात सूट देऊ नका. जेल घरी बनवू नका. जेल अतिनील दिव्याखाली घट्ट होतं; रंगद्रव्य तो प्रकाश अडवतं, जेल आतून कच्चं राहतं, आणि कच्च्या जेलमधली रसायनं त्वचेला लागून कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. विकायचा विचार असेल तर आपल्या देशाचे सौंदर्यप्रसाधनांचे आणि ज्वलनशील मालाच्या वाहतुकीचे नियम आधी वाचा, आणि प्रत्येक घाण्याला क्रमांक द्या.

एकविसाव्या बाटलीची नोंद अशी: सस्पेन्शन बेस १२.०० ग्रॅम, पांढरा १.२०, काळ्याचं पातळ मिश्रण ०.९०, अल्ट्रामरीन ०.१५, जांभळी मोतिया पूड ०.२५. दोन थर, खाली बेसकोट, वर टॉपकोट. शेजारी पेन्सिलीने लिहिलं आहे: पुढच्या वेळी पांढरा थोडा कमी.