शेजारच्या डेस्कवरची माणसं : को-वर्किंगमध्ये नव्याने बसणाऱ्यांसाठी

नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे भाषांतराची कामं घ्यायला लागले, तेव्हा पहिले आठ महिने कोथरूडच्या घरी जेवणाच्या टेबलावरच ऑफिस होतं. काम येत होतं, पण सगळं एकाच एजन्सीकडून. तिने उद्या काम देणं थांबवलं तर कुणाला फोन करायचा, हे मला माहीत नव्हतं. म्हणून बाणेरला एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी कामं करणारे लोक एकत्र बसतात अशा सामायिक ऑफिसात, महिन्याच्या भाड्याने डेस्क घेतलं.

आणि दोन महिने तिथे कुणाशी चकार शब्द बोलले नाही. त्याआधी स्पर्धा परीक्षेच्या नादात मी दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढली होती. तिथे खुर्ची सरकवली तरी चार माना वळायच्या. तीच सवय अंगात मुरलेली. कानात हेडफोन, खाली मान, सहा वाजले की गाडीला किक. को-वर्किंगची सुरुवात ज्याच्या नावाने सांगतात, त्या ब्रॅड न्यूबर्गने २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत जागा उघडली ती याच अडचणीपायी. त्याला नोकरीचं बंधन नको होतं, पण माणसांची सोबत हवी होती. त्याच्याकडेही पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. हे वाचलं तेव्हा मला खरंच धीर आला. भाडं भरल्याने खुर्ची मिळते. ओळखी त्यात धरलेल्या नसतात.

माझी पहिली ओळख एका अक्षरामुळे झाली. पँट्रीत चहा घेताना शेजारचा मुलगा मोबाइलवर स्वतःचंच अ‍ॅप तपासत होता आणि त्याने आपणहून स्क्रीन पुढे केली, ‘‘मॅम, मराठी बरोबर आहे ना?’’ ट्रेकिंगचं अ‍ॅप. वर हरिश्चंद्रगडाचा फोटो आणि खाली ओळ : ‘सह्याद्रीतल्या खोल दर्या’. मुलगा इंदूरचा, त्याच्या हिंदीत हा फरकच नाही. मी पेपर नॅपकिनवर दोन्ही शब्द लिहून दाखवले. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. त्यासाठी नेहमीचा र नाही, नुक्त्याचा ऱ टाकून त्याला य जोडायचा. युनिकोडमध्ये त्याला वेगळी जागा आहे. त्याने तिथल्या तिथे बदलून पाहिलं. मग ‘पायऱ्या’, ‘फेऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ असे शब्द शोधत आम्ही अर्धा तास उभे होतो. पैशांचा विषय निघाला नाही, मी काढलाही नाही. तीन महिन्यांनी त्याच्या मित्राच्या कंपनीला अख्खं अ‍ॅप मराठीत करायचं होतं, तेव्हा त्याने माझा नंबर दिला. एजन्सीशिवाय मिळालेलं माझं ते पहिलं काम.

म्हणून नवीन येणाऱ्यांना मी आधी एकच सांगते, आपलं काम समोरच्याला दिसू द्या. ‘मी लोकलायझेशन करते’ म्हटलं की लोक मान डोलावून पुढे जातात. ‘अ‍ॅपमधली बटणं आणि सूचना मराठीत करते’ म्हटलं की कुणाला तरी कुणीतरी आठवतं.

वेळ ठरलेली ठेवा. आठवड्यातून तीनच दिवस जायचं असेल तरी तेच तीन वार, शक्यतो तोच कोपरा. रोज जागा बदलणाऱ्या माणसाचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन-तीन वेळा डे पास घेऊन बसून पाहा. एकाच कंपनीने निम्मा मजला घेतलेला असेल तर ते लोक आपापसातच जेवतात, तिथे एकट्या माणसाचा निभाव कठीण. तिथली माणसं आणि व्यवस्था सांभाळणाऱ्या कम्युनिटी मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारा, इथे कोण काय करतं. ते त्यांच्या कामातच येतं आणि त्यांना ते आवडतं. हेडफोन लावलेल्या माणसाला मात्र हाक मारू नका. बोलणं अकराच्या आणि चारच्या चहाला.

आपल्याच क्षेत्रातलं कुणी नसलं तरी हिरमुसू नका. माझ्या सगळ्यात उपयोगी पडल्या त्या मागच्या टेबलावरच्या सीए ताई. एका क्लायंटने माझे पाच महिन्यांचे पैसे थकवले होते आणि मी नुसती मेलवर मेल पाठवत होते. ताईंनी डबा खाता खाता विचारलं, ‘‘उद्यम नोंदणी केलीयस का?’’ मी शब्दही ऐकला नव्हता. लहान उद्योग-व्यवसायांची ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यानंतर आपल्यासारख्या लहान व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर व्याज लागतं. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यातच ते आहे. काम हाती घेण्याआधी नोंदणी झालेली बरी, हेही त्यांनीच बजावलं. बिलातून क्लायंटने कापून सरकारकडे भरलेला कर, म्हणजे टीडीएस, प्राप्तिकर खात्याच्या आपल्या नावावरच्या विवरणात दिसतो, तो दर तिमाहीला पडताळायचा, हीसुद्धा त्यांचीच शिकवण. मी त्यांच्या फर्मच्या मराठी पत्रकाचं मुद्रितशोधन करून दिलं. हिशेब कुणी मांडला नाही. पण पुढे मोठं रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा मी त्यांची फी विचारली आणि पूर्ण दिली. ओळखीतला सल्ला आणि त्यांचं पोटापाण्याचं काम यांतली रेघ आपणच ओढायची असते.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. ओळखीतल्या एका डिझायनरचं नाव मी तिला न विचारता एका क्लायंटला देऊन टाकलं. तिच्याकडे वेळ नव्हता. तिने नाही म्हटलं तर माझी अडचण होईल म्हणून तिने काम घेतलं आणि रात्री जागून कसंबसं संपवलं. क्लायंट नाराज झाला, तीही दुखावली. आता मी दोघांनाही आधी विचारते, मगच नंबर देते. आणि शेजारच्याचंच काम घेतलं, रोजचा चहा एकत्र असला, तरी किती शब्द, काय दर, कधी द्यायचं, हे मेलवर लिहून घेते. त्या इंदूरच्या मुलाचं काम घेतलं तेव्हा त्यालाही आधी असाच मेल पाठवला होता. त्याने दहा मिनिटांत ‘ओके’ लिहिलं आणि पुन्हा पँट्रीत भेटल्यावर विचारलं, ‘‘मॅम, ‘दुसऱ्या’मध्येही तोच ऱ ना?’’