पुण्यात क्लबमधला लाइव्ह रेगे गिग ऐकायचा आणि रेकॉर्ड करायचा तर काय काय बघायचं

कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर या पट्ट्यात रॉक, टेक्नो, बॉलिवूड नाइट कायम असतात पण जमैकातल्या रेगे संगीताचा लाइव्ह बँड कधीतरीच येतो, आणि आला की निम्मं पब्लिक मोबाइल वर धरून उभं, घरी जाऊन ऐकावं तर नुसती खरखर. थोडी तयारी केली तर खूप भारी रेकॉर्डिंग मिळतं म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी परवानगी. कलाकाराला न विचारता त्याचा कार्यक्रम रेकॉर्ड करून लोकांपर्यंत पोचवणं आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चालत नाही, आणि कायदा सोडा, विचारणं हे साधं सौजन्य आहे. दोन-चार दिवस आधी बँडला इन्स्टावर मेसेज टाका, रेकॉर्डिंगची कॉपी तुम्हालाही देतो असं सांगा. क्लबच्या मॅनेजरलाही कळवून ठेवा, नाहीतर गेटवर बाउन्सर बॅग उघडून रेकॉर्डर बघणार आणि तिथेच अर्धा तास जाणार. ओळखपत्र खिशात असू द्या, आपल्याकडे बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं आणि बऱ्याच ठिकाणी दारातच तपासतात.

मोबाइलचा प्रॉब्लेम असा की तो आवाज स्वतःच कमी-जास्त करत बसतो, बास आला की गाणारा दबतो, बास थांबला की गर्दीचा कलकलाट वर येतो. त्यापेक्षा झूम एच१एन किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्ससारखा छोटा रेकॉर्डर मित्राकडून मागून आणा. वायरी, जॅक, कन्व्हर्टर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतील. नवे सेल टाका आणि एक जोडी जास्तीची ठेवा. सेटिंग वेव्ह, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तासाला साधारण १ जीबी जातं म्हणजे कार्डाची चिंता नाही. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणं, बंद. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, असा लावा की साउंडचेकला (कार्यक्रमाआधीच्या आवाज-तपासणीला) सगळ्यात जोरात वाजेल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल, कारण तेव्हा बँड जेवढा वाजवतो त्यापेक्षा हॉल भरल्यावर हमखास जोरात वाजवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइव्ह रेकॉर्डिंगवरचे बरेच सल्ले सांगतात लो कट (खालचे, जाड आवाज कापणारं सेटिंग) चालू ठेवा, घुमणं कमी होतं. रेगेला हे करू नका. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते आणि तुम्ही ८० हर्ट्झच्या खालचं कापलंत तर आमटीतून डाळच काढून घेतली. रेगेत चाल बास धरून ठेवतो, गिटार फक्त मधल्या जागांत चक... चक... करते. ‘वन ड्रॉप’ ठेका मोजून बघा, एक-दोन-तीन-चार, एकवर ड्रमर जागा मोकळी सोडतो आणि तीनवर किक-स्नेअर (पायाने वाजवायचा मोठा ड्रम आणि काडीने वाजवायचा कडक आवाजाचा) एकदम पडतात. ती मोकळी जागा रेकॉर्डिंगमध्ये ऐकू आली पाहिजे, ती घुमणाऱ्या आवाजाने भरून गेली की रेगेची मजाच गेली.

म्हणून उभं कुठे राहायचं याला फार महत्त्व आहे. कोपरा नको, भिंतीला टेकून नको, तिथे बास साचतो. बारजवळ नको, ग्लास आणि मिक्सरचा आवाज येतो. साउंड डेस्कच्या (आवाज मिक्स करणाऱ्या टेबलाच्या) आसपास, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, माइक लोकांच्या डोक्यांच्या वर. मीटर ठीक दिसतोय पण हेडफोनमध्ये आवाज फाटतोय असं झालं तर माइकलाच झेपत नाहीये, गेन कमी करून उपयोग नाही, चार पावलं मागे या.

डेस्कजवळ राहण्याचं अजून एक कारण म्हणजे डब, रेगेतूनच निघालेला मिक्सिंगचा प्रकार. जमैकाचा साउंड इंजिनिअर किंग टबीने ७० च्या दशकात किंग्स्टनमध्ये मिक्सिंग डेस्क वाद्यासारखा वापरला, आवाज काढून घ्यायचा, इको सोडायचा, बास-ड्रम उघडे ठेवायचे. आजही चांगला साउंड इंजिनिअर रेगे बँडबरोबर हेच करतो, त्याचे हात बघत ऐका, खूप शिकायला मिळतं. साउंडचेकला लवकर जाऊन त्या दादांशी बोला, डेस्कमधून फीड, म्हणजे वायरीने थेट आवाज, मिळाला तर उत्तमच. पण नुसत्या फीडवर राहू नका, छोट्या क्लबात ड्रम आणि अँप स्टेजवरूनच एवढे जोरात असतात की डेस्कमध्ये ते कमी घेतात आणि फीडमध्ये गाणाराच पुढे येतो. फीड आणि माइक वेगवेगळे रेकॉर्ड करा, एच४एनसारखा चार ट्रॅकचा रेकॉर्डर असेल तर एकातच होतं. स्पीकरपासून १० मीटरवर असाल तर माइकचा आवाज साधारण २९ मिलिसेकंद उशिरा येतो, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा स्नेअरचा ठोका बघून माइकचा ट्रॅक तेवढा डावीकडे ओढा, दोन्ही जुळले की बास एकदम घट्ट होतो.

कानात इअरप्लग घाला. १०० डेसिबलला कानाला पंधरा मिनिटंच बरी, आणि प्लग घालूनही बास छातीत लागतोच. रेकॉर्डिंग चालू असताना माइकशेजारी गप्पा मारू नका, ओरडायचं असेल तर रेकॉर्डर स्टँडवर लावून लांब जाऊन मनसोक्त नाचा.

घरी आल्यावर मूळ वेव्ह फाइल दोन ठिकाणी ठेवा, कापाकापी कॉपीवर करा, गाणी वेगळी करून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता छोटी होणारी फाइल) काढा. बँडला आधी पाठवा, ते हो म्हणाले तरच ऑनलाइन टाका.