पावसाळ्यात पिल्लांचे जंत: दुधाचा हिशेब आणि औषधाची तारीख

पाऊस लागला की लेंडीत पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून ऊबदार, ओलसर हवेत साधारण चार ते सात दिवसांत लागण करणारी अळी तयार होते आणि ओल्या गवतावर चढते. करडे, कोकरे, वासरे यांना तिचा फटका सर्वांत आधी बसतो. भरपूर दूध पाजले की पिल्लाचे जंत पडतात, अशी समजूत आहे. दूध जंत मारत नाही. मात्र पोटभर दुधावरचे पिल्लू जंतांपुढे जास्त दिवस तग धरते, आणि याला कारण आहे.

शेळ्या-मेंढ्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात; त्यातल्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस हा जंत रक्त पितो. मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिली रक्त घालवतो, म्हणजे हजार जंत असतील तर 50 मिली. दहा किलोच्या करडाच्या अंगात रक्तच मुळात 600 ते 700 मिली असते. ही रोजची गळती भरून काढायला प्रथिने लागतात आणि ती पिल्लाला दुधातून सहज मिळतात. शिवाय दुधावरचे पिल्लू गवत कमी खाते, त्यामुळे अळ्याही कमी जातात. म्हणून भर पावसात दूध तोडू नका. दोन-तीन आठवडे पुढे ढकलणे शक्य नसेल, तर दूध तुटलेली पिल्ले बांधून ठेवा, वाळलेला चारा द्या आणि खुराकात 16 ते 18 टक्के प्रथिने ठेवा.

जन्मल्यावर चीक एक-दोन तासांच्या आत पाजा. तीन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी 150 मिली असे तीन वेळा पुरते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी किमान अडीच लिटर चीक पोटात जायला हवा, त्यातला जास्तीत जास्त वाटा पहिल्या सहा तासांत. पुढे वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध रोज, दोन-तीन वेळांत विभागून, 37 ते 39 अंश तापमानाला द्या. थंड दूध किंवा एकदम जास्त दूध पाजले की हगवण लागते आणि दोष जंतांना दिला जातो.

वासरे, विशेषतः रेडके, यांच्याबाबत दुधाची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. टॉक्सोकारा हा मोठा गोल जंत आईच्या चिकातून आणि पहिल्या आठवड्या-दीड आठवड्याच्या दुधातूनच पिल्लात जातो. म्हणून चीक तोडायचा नाही आणि उकळायचाही नाही. उकळला की तो गोठतो आणि त्यातली रोगप्रतिकारक शक्ती नष्ट होते. उपाय तारखेचा आहे: जन्मानंतर 10 ते 16 दिवसांच्या दरम्यान पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पायरँटेल किंवा लेव्हामिसोल द्या. पिपराझिन मोठ्या झालेल्या जंतांवर चालते, या वयातल्या लहान जंतांवर ते पुरे पडत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंडी शेणातून पडू लागली की गोठ्याची जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते, म्हणून ही तारीख चुकवू नका.

शेळीत डोळ्याची खालची पापणी हळूच खाली ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर थांबा. फिकट गुलाबी ते पांढरा असेल, जबड्याखाली पाणी उतरले असेल, तर त्याच दिवशी औषध द्या. शेणतपासणीची वाट बघू नका, कारण लागण झाल्यापासून अंडी दिसायला 18 ते 21 दिवस लागतात आणि रक्त त्याआधीपासून जात असते. लेंडीत तांदळासारखे तुकडे दिसले की धास्ती वाटते, पण पट्टकृमी तेवढा घातक नसतो. महिना-दोन महिन्यांच्या करडाला रक्तमिश्रित हगवण असेल तर कोक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची शक्यता जास्त. त्यावर जंताचे औषध लागू पडत नाही.

वजन अंदाजाने धरू नका. छातीचा घेर सेंमीत मोजून त्याचा वर्ग करा, त्याला शरीराच्या लांबीने गुणा आणि 10,840 ने भागा. घेर 60 आणि लांबी 55 असेल तर सुमारे 18 किलो. शेळीच्या शरीरात औषध लवकर संपते, त्यामुळे तिला अल्बेंडाझोल हे जंतनाशक साधारण 10 मिग्रॅ प्रति किलो लागते. 18 किलोच्या शेळीला अडीच टक्के द्रावणाचे 7.2 मिली झाले. मेंढीची मात्रा शेळीला दिली की ती कमी पडते आणि औषधाला दाद न देणारे जंत मागे उरतात. गाभण शेळी-मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका.

औषध दुधात कालवून पाजणे ही नेहमी होणारी चूक. दूध प्यायल्यावर अन्ननलिकेच्या टोकापुढची खाच मिटून नळीसारखी होते आणि द्रावण पहिले पोट टाळून थेट चौथ्यात उतरते. चारा खाणाऱ्या पिल्लात अल्बेंडाझोल किंवा फेनबेंडाझोल पहिल्या पोटात थांबून हळूहळू सुटायला हवे, नाहीतर परिणाम कमी होतो. पाजताना नळी जिभेच्या मुळाशी ठेवा आणि नाक डोळ्यांच्या रेषेपेक्षा वर जाऊ देऊ नका. मान उंच केली की औषध श्वासनलिकेत जाते.

दहा ते चौदा दिवसांनी शेण पुन्हा तपासा. औषधापूर्वीच्या तुलनेत अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर औषधाचा गट बदला. कळप दव सुकल्यावर सोडा आणि गवत 10 सेंमीपेक्षा खाली खाऊ देऊ नका. बहुतेक अळ्या बुडाच्या पाच सेंमीत असतात. दुभत्या जनावराला औषध दिल्यास लेबलवर लिहिलेले दिवस त्याचे दूध विकू नका, घरातही वापरू नका.