टेप घेऊन जा: महापालिकेच्या बजेटात आपल्या गल्लीचं काम कसं बसवायचं

मी कर्वेनगरात ब्लाउज शिवते. राजकारणाशी माझा संबंध एवढाच, की निवडणूक आली की झेंड्यांच्या कडा मारायचं काम येतं. रंग कुठलाही असो, टीप सारखीच मारते आणि पैसे आगाऊ घेते. तरी बजेटचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला लोक माझ्याकडेच येतात, कारण आमच्या गल्लीतला फूटपाथ मी लावून धरला होता. परत परत तेच सांगायचं म्हणून आता लिहूनच काढते.

पुणे महापालिका 2006 पासून पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. नगरसेवक सुचवतात ती ‘स’ यादी वेगळी. हा अर्ज आपण, साध्या माणसांनी भरायचा. एका कामाला 5 लाखांपर्यंत आणि एका प्रभागाला 75 लाखांपर्यंत, अशी मर्यादा बरीच वर्षं चालत आली आहे. यंदाचा आकडा अर्जावरच बघून घ्या. अर्ज बहुतेक पावसाळ्यात निघतात, क्षेत्रीय कार्यालयात मिळतात, ऑनलाइनही भरता येतात. पेपरात बातमी येते पण लहान, गणपतीच्या जाहिरातींत हरवून जाते. म्हणून जुलै लागला की क्षेत्रीय कार्यालयात एक चक्कर मारून विचारायचं.

पहिल्या वर्षी माझा अर्ज बाद झाला, आणि चूक सगळी माझी होती. फूटपाथच्या मधोमध विजेचा मोठा डबा उभा आहे. आपण त्याला डीपी म्हणतो. मी लिहिलं, ‘डीपी हलवून फूटपाथ मोकळा करावा.’ कनिष्ठ अभियंता चांगला मुलगा होता. मला म्हणाला, “मावशी, डीपी महावितरणची. आमच्याकडे डीपी म्हणजे विकास आराखडा.” मला तेव्हा कळलं, की रस्त्यावर दिसतं ते सगळं महापालिकेचं नसतं. दिवा महापालिकेचा, पण विजेचा डबा महावितरणचा. बसचं शेड पीएमपीचं. सोसायटीच्या आतला रस्ता, तो महापालिकेच्या ताब्यात दिलेला नसेल, तर सोसायटीचाच. कुठे हायवे प्राधिकरणाची हद्द लागते, कुठे कॅन्टोन्मेंटची. तर आधी हे काम कोणाचं ते विचारा, मग पेन उचला. माझं एक वर्ष त्या डब्यापायी गेलं.

आता मापाचं. माझ्या मते सगळा अर्ज यावरच उभा असतो. आम्ही शिलाईवाल्या मापाशिवाय कापडाला कात्री लावत नाही, आणि लोक मात्र महापालिकेला लिहितात, ‘आमच्या भागातील फूटपाथची दुरवस्था झाली असून योग्य ती कार्यवाही व्हावी.’ यावरून काय शिवायचं? अभियंत्याला इस्टिमेट करायचं असतं. ते दरसूचीवरून होतं, आणि दरसूचीत दर असतो चौरस मीटरला, दुरवस्थेला नव्हे.

शिलाईचा टेप 60 इंचाचा, म्हणजे 5 फूट. रस्त्यावर तो पुरत नाही. मी सुतळीला दहा टेप मोजून गाठ मारली, म्हणजे एक सुतळी 50 फूट. दुपारी दोनला, रहदारी कमी असताना, शेजारच्या काकूंनी एक टोक धरलं. तीन सुतळ्या आणि चार टेप भरलं, 170 फूट, म्हणजे जवळपास 52 मीटर. रुंदी 4 फूट. त्या डब्यापाशी उरते ती 22 इंच. लहान मुलाच्या फ्रॉकची छाती तेवढी असते. रस्त्यांच्या मानकांत चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, म्हणजे सहा फुटांना इंचभर कमी. हे मी अर्जात लिहिलं, भांडायला नाही, पण वाचणाऱ्याला कळावं की आपण आकडा बघून आलो आहोत.

दुसऱ्या वर्षीचा अर्ज असा होता: ‘अमुक सोसायटीच्या गेटपासून अमुक मेडिकलपर्यंत, डाव्या हाताचा फूटपाथ. लांबी 52 मीटर, रुंदी 1.2 मीटर. तीन चेंबरची झाकणं पातळीच्या वर आलेली, एका चेंबरला झाकण नाही. झाकणं पातळीत बसवणे, तुटलेले ब्लॉक बदलणे, दोन्ही टोकांना उतार करणे.’ सोबत चार फोटो. एका फोटोत उघड्या चेंबरशेजारी माझी चप्पल ठेवली होती, आकार कळावा म्हणून. डब्याचा उल्लेखही नाही. ते पत्र वेगळं, महावितरणला.

एका अर्जात एकच काम लिहा. फूटपाथ, दिवे, बाक, मुतारी असं सगळं एकत्र कोंबलं तर 5 लाखांच्या वर जातं आणि गठ्ठा तसाच बाजूला पडतो. अख्ख्या गल्लीऐवजी जास्त वाईट तुकडा मागा. काम खरोखर 5 लाखांत बसणारं नसेल, रस्त्याचं काँक्रीट वगैरे, तर हा अर्ज त्यासाठी नाही. ते नगरसेवकाकडे न्यायचं.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-जावकला एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून जा, देतो साहेबांना,” असं म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. नंतर अभियंता जागेवर बघायला येतो तेव्हा तुम्ही तिथे हजर पाहिजे. तुमच्या मागे तो भलतंच टोक बघून जाऊ शकतो. अपंग किंवा म्हातारं माणूस रोज तिथून जात असेल तर त्यालाही उभं करा.

नगरसेवकांचं थोडं अवघड आहे. आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार. मार्च 2022 ते जानेवारी 2026 नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तेव्हा विचारायचं कोणाला हा प्रश्न होता. आता 15 जानेवारी 2026 च्या मतदानानंतर चौघे आहेत, तर प्रश्न असा की नेमकं कोणाला विचारायचं. एकाकडे गेलं की तो म्हणतो, तो पट्टा त्यांचा. तो पट्टा कोणाचाही नसतो, चारही जण अख्ख्या प्रभागातून निवडून आलेले असतात. म्हणून एकच कागद चौघांना द्या, आणि वरती ठळक लिहा: ‘प्रत प्रभागातील चारही सदस्यांना.’ नावं चारही लिहा. कामं कुठली घ्यायची ते प्रभाग समितीत ठरतं आणि हे चौघे तिथे बसतात. आपलं काम आधीच कोणाच्या ‘स’ यादीत आहे का, तेही विचारून घ्या. असेल तर आपला अर्ज दुसऱ्या कामासाठी वापरता येतो. चौघांपैकी कोण कुठल्या पक्षाचा, हे या कामापुरतं विसरा. झाकण नसलेलं चेंबर पक्ष बघून पाय ओढत नाही.

पुढचा रस्ता असा: आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती त्यात भर घालते, मग मुख्य सभा मंजूर करते. पुस्तक महापालिकेच्या वेबसाइटवर येतं. जाडजूड असतं, घाबरू नका. नागरिकांच्या सहभागाची कामं शोधा, त्यात आपलं क्षेत्रीय कार्यालय, त्यात आपली ओळ. ओळीपुढे बजेट कोड आणि रक्कम असते. दोन्ही वहीत उतरवून ठेवा. यापुढे जिथे जाल तिथे गल्लीचं नाव सांगण्याआधी कोड सांगायचा. समोरच्याचा बसायचा ढंगच बदलतो.

ओळ सापडली म्हणून पेढे वाटू नका, मी वाटले होते. तरतूद म्हणजे काम नव्हे. एक शब्द लक्षात ठेवा: वर्गीकरण. एका कामाचा पैसा दुसऱ्या कामाकडे वळवतात त्याला हे नाव. एप्रिलमध्ये ठेवलेला पैसा वर्षभर पडून राहिला तर तो वळवायला सोपा. म्हणून दिवाळीच्या आत टेंडर निघालं का, वर्कऑर्डर झाली का, हे जाऊन विचारा. फेब्रुवारीत विचारून उपयोग नाही, तेव्हा सगळे मार्चएण्डच्या बिलांत बुडालेले असतात.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर सोमवारी जा. राज्य सरकारनं 2018 मध्ये परिपत्रक काढलं आहे: स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना कागद बघता येतात. तेही जमलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, 10 रुपयांत, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फायलीत तीन गोष्टी बघा. इस्टिमेट, वर्कऑर्डर, आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तक. ठेकेदाराचं बिल या पुस्तकावरून निघतं. कामाची खरी लांबी-रुंदी त्यात असते.

आमच्या फूटपाथच्या एमबीत लांबी 51.80 मीटर होती. मी घरी येऊन सुतळी काढली, काकूंना हाक मारली आणि पुन्हा मोजलं. तीन सुतळ्या, चार टेप. बरोबर.

सुतळी मशीनच्या खणातच ठेवली आहे. यंदा दिव्याचा अर्ज आहे, कोपऱ्यावर दोन खांबांच्या मध्ये काळोख राहतो तिथला. दोन्ही खांबांचे नंबर वहीत उतरवलेत, मधलं अंतर अजून मोजायचं आहे. त्याला रात्री जावं लागेल, दुपारी तिथे रिक्षा उभ्या असतात.